मीठ, गवत आणि अफवा

वऱ्हाडाला समुद्र नाही. या एका साध्या भौगोलिक अडचणीमुळे १९३० साली आमच्या पुसदचे नाव देशाच्या इतिहासात आले. शाळेच्या पुस्तकात दांडी आहे, गांधीजींची काठी आहे, मूठभर मीठ आहे. पुसद असलेच तर एखाद्या ओळीत, 'इतर ठिकाणी' या शब्दांच्या आसपास. पण एखादी चांगली गोष्ट एका गावातून दुसऱ्या गावात कशी जाते आणि जाताना तिचे काय होते, हे समजून घ्यायचे असेल तर दांडीपेक्षा पुसद जास्त उपयोगाचे आहे. मी उर्दू आणि मराठी अशा दोन भाषा शिकवतो. भाषांतर हा माझा रोजचा धंदा, म्हणून मला तरी तसे वाटते.

आधी दांडी. १२ मार्च १९३० ला गांधीजी साबरमतीहून निघाले आणि सुमारे ३८५ किलोमीटर चालून ६ एप्रिलला त्यांनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले. मीठ हा विषय निवडला तेव्हा अनेक पुढाऱ्यांना तो किरकोळ वाटला होता, सरकारी वर्तुळात तर त्याची थट्टाच झाली. पण मीठ प्रत्येकाच्या घरात होते. हिंदूच्या आणि मुसलमानाच्या, जमीनदाराच्या आणि मजुराच्या ताटात एकाच चवीचे. त्यावरचा कर समजावून सांगायला भाषणाची गरज नव्हती. शिवाय गांधीजी मोटारीने गेले नाहीत. चोवीस दिवस चालले, म्हणजे चोवीस दिवस रोज एक नवी बातमी तयार झाली. आज उद्या काय होणार, ही उत्सुकता त्या चालण्याने टिकवून ठेवली. आजची मुले याला 'पार्ट टू कधी?' म्हणतात.

गांधीजींना ५ मे रोजी अटक झाली. त्यानंतर धारासणाच्या मिठागरावरच्या सत्याग्रहाचे नेतृत्व अब्बास तय्यबजींकडे आले. बडोद्याचे निवृत्त न्यायाधीश, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनाही लगेच पकडले. मग २१ मे रोजी सरोजिनी नायडू आणि इमाम अब्दुल कादिर बावझीर यांच्या पुढाकाराखाली माणसे रांगेने पुढे गेली आणि हात न उचलता लाठ्या खात खाली पडली. वेब मिलर नावाच्या अमेरिकन बातमीदाराने ते डोळ्यांनी पाहिले. त्याचा वृत्तांत जगभरातल्या तेराशेहून अधिक वर्तमानपत्रांत छापला गेला. त्या काळात एवढा पसारा म्हणजे आजच्या भाषेत 'व्हायरल'च. आमच्या मुलांना मी तय्यबजी आणि इमामसाहेब यांची नावे मुद्दाम सांगतो, कारण ही दोन्ही नावे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

आता वऱ्हाड. मिठाची गोष्ट इथपर्यंत पोहोचली खरी, पण इथे करायचे काय? खारपाणपट्ट्यातल्या दहीहांड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला गेला. तो प्रयत्न शूर होता, पण त्याला मर्यादा होती. सगळ्या वऱ्हाडात खाऱ्या विहिरी नाहीत. आणि पावसाळा तोंडावर आला होता. पावसात मीठ वाळत नाही. पावसात उगवते ते गवत.

१० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदला जंगल सत्याग्रह झाला. राखीव जंगलात जाऊन परवानगीशिवाय गवत कापायचे, एवढाच कार्यक्रम. अणे मूळचे वणीचे, यवतमाळचे नामांकित वकील, टिळकांचे अनुयायी, वय एकोणपन्नास. कायदा कोळून प्यालेला माणूस जंगलात गेला, गवत कापले, आणि त्याला अटक झाली.

लांबून पाहणाऱ्याला हे दांडीची नक्कल वाटेल. ते भाषांतर होते, आणि चांगले भाषांतर होते. शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर मेलेले असते, हे मी मुलांना दरवर्षी सांगतो. मूळ वाक्य ज्या जागी लागले, तीच जागा दुसऱ्या भाषेत शोधावी लागते. किनाऱ्यावरच्या माणसाला मीठ जिथे लागते, तिथे पुसदच्या माणसाला गवत लागते. इथला शेतकरी बैलावर उभा. डोंगराकडेच्या तांड्यांवर बंजारा, पाड्यांवर गोंड, कोलाम, आंध. सगळ्यांची गुरे, सगळ्यांची चूल जंगलावर. १९२७ च्या जंगल कायद्याने आणि त्याच्या आधीच्या कायद्यांनी ते जंगल 'राखीव' झाले होते. चराईला पैसे, लाकूडफाट्याला परवाना, आणि बैल चुकून आत गेला तर कोंडवाडा. कोंडवाड्यातून जनावर सोडवताना खिशातून जाणारा पैसा म्हणजे सरकार काय असते ते कळण्याचा सर्वांत सोपा धडा होता. 'साम्राज्यशाही' हा शब्द ज्याला उच्चारता येत नव्हता, त्याला कोंडवाडा माहीत होता.

ही गोष्ट पसरली कशी, हेही पाहू. १९३१ च्या जनगणनेनुसार देशातले साक्षर दहा टक्क्यांच्याही आत. वर्तमानपत्रे होती, यवतमाळला अण्यांनी स्वतःच 'लोकमत' हे साप्ताहिक सुरू केले होते. पण छापलेली ओळ थोड्यांनाच वाचता येई. एक जण वाचायचा आणि पारावर दहा जण ऐकायचे. बाजाराच्या दिवशी माणूस मिरची-मसाल्याबरोबर बातमी घरी न्यायचा. दवंडी होती, प्रभातफेरी होती, भजन होते. बातमी माणसाच्या तोंडून जायची आणि सांगणारा कोण, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असायचे.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत जंगल सत्याग्रह महाराष्ट्रात आणि मध्य प्रांतात दूरवर पसरला. सांगलीकडे बिळाशी, रायगडकडे चिरनेर, बैतूलकडे गोंड-कोरकूंचे जंगल. आणि इथे एक गोष्ट घडली जी पुढाऱ्यांनी योजलेली नव्हती. पुढाऱ्यांसाठी गवत हे प्रतीक होते. चार पेंढ्या कापायच्या, अटक करून घ्यायची, तत्त्व सिद्ध करायचे. पण जंगलात राहणाऱ्याला गवत हे प्रतीक नव्हते, ते गवतच होते. त्याने गोष्ट ऐकली आणि तिचा सरळ अर्थ लावला: जंगल आमचे आहे. काही ठिकाणी पोलिसांशी झटापटी झाल्या, २५ सप्टेंबरला चिरनेरला गोळीबार झाला, माणसे गेली. काँग्रेसने आखलेली मर्यादा लोकांनी ओलांडली.

मला यात एक मोठा धडा दिसतो. चांगली गोष्ट सांगणाऱ्याच्या मालकीची राहत नाही. ऐकणारा तिच्यात आपला शेवट जोडतो. हा जोडलेला शेवट नेहमी चुकीचाच असतो असेही नाही. १९३० साली आदिवासींनी त्या गोष्टीचा जो अर्थ लावला, तो कायद्याच्या पुस्तकात यायला २००६ साल उजाडावे लागले. तेव्हा वनहक्क कायदा झाला. म्हणजे ऐकणारे सांगणाऱ्यांच्या शहात्तर वर्षे पुढे होते.

प्रश्न असा की मग गोष्ट बिघडते कधी? त्याकडे येण्याआधी आमच्याच भागातल्या एका माणसाबद्दल बोलले पाहिजे. पुसदची महाविद्यालये ज्या विद्यापीठाखाली येतात त्याला त्याचे नाव आहे. गाडगेबाबा. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण जनमाध्यम म्हणजे काय हे त्यांच्याइतके कळलेला माणूस आपल्याकडे क्वचितच झाला असेल. गावात शिरले की आधी खराटा. दिवसभर गाव झाडायचे. संध्याकाळपर्यंत गावभर चर्चा की हा चिंध्या पांघरलेला, गाडगे घेतलेला कोण वेडा आलाय? रात्री कीर्तन. म्हणजे दिवसाची झाडलोट हीच रात्रीच्या कीर्तनाची दवंडी.

आणि कीर्तन कसे? उपदेश कमी, प्रश्न जास्त. ते विचारायचे, लोक एका आवाजात उत्तर द्यायचे. उत्तर देता देता लोक स्वतःच्या तोंडाने कबूल करायचे की जत्रेत बकरा कापून देव पावत नाही, लग्नासाठी कर्ज काढणे मूर्खपणा आहे, ताट विकावे लागले तरी चालेल पण पोराला शाळेत घालावे. भाषा शुद्ध वऱ्हाडी. पुण्याच्या विद्वानाला कदाचित खडबडीत वाटेल, पण आमच्या आज्यांना आपल्या घरातली वाटेल. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत वांद्र्याच्या पोलिस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले, ते ध्वनिमुद्रित झाले आणि आजही ऐकायला मिळते. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, ते गेले. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही, ती मुले हे ध्वनिमुद्रण ऐकताना हसतात आणि मग गप्प होतात. दोन्ही योग्य जागी.

कीर्तनाच्या शेजारी पोवाडा. 'शाहीर' हा शब्द अरबीतल्या 'शाइर'वरून आला. 'जलसा'ही तिकडचाच, 'डफ'ही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने आपले विचार गावोगाव नेले ते सत्यशोधकी जलशांतून. पुढे आंबेडकरी जलसे निघाले. भीमराव कर्डकांसारख्या माणसांनी ते वस्त्यावस्त्यांत नेले. आणि बार्शीच्या महबूब हुसेन पटेल या मुलाने गाडीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत काम केले आणि अमर शेख या नावाने अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज म्हणजे सभेची दवंडी आणि सभा दोन्ही होते. एका मुसलमान शाहिराच्या तोंडून मराठी माणूस आपल्या राज्याची मागणी ऐकत होता आणि त्यात कोणाला काही नवल वाटत नव्हते. आज कोणी मला 'तुमचं मराठी छान आहे हो' असे कौतुकाने म्हणते, तेव्हा मला अमर शेख आठवतात. त्यांना हे कोणी म्हटले असते तर ते पहाडी आवाजात हसले असते.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. अणे, गाडगेबाबा, अमर शेख. गोष्ट सांगणारा गोष्टीबरोबर तिथे हजर होता. अण्यांनी गवत कापा असे पत्रक काढून घरी बसणे पसंत केले नाही, ते कापायला गेले आणि तुरुंगात गेले. गाडगेबाबांनी झाडलोटीवर प्रवचन दिले नाही, आधी झाडले. शाहिराला समोरचा माणूस मध्येच उठून प्रश्न विचारू शकत होता, टोमणा मारू शकत होता, निघूनही जाऊ शकत होता. सांगण्याची किंमत सांगणाऱ्याला मोजावी लागत होती.

आमच्या परंपरेत याचे एक फार कडक शास्त्र आहे. हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची आणि आचरणाची नोंद. ती गोळा करणाऱ्या विद्वानांनी प्रत्येक वचनाआधी साखळी नोंदवली: हे मला अमक्याने सांगितले, त्याला अमक्याने. या साखळीला 'सनद' म्हणतात. नवव्या शतकात इमाम बुखारींसारख्यांनी या साखळीतला एकेक दुवा तपासला. सांगणारा खरा बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो ज्याचे नाव घेतो त्याला प्रत्यक्ष भेटला तरी होता का? मजकूर कितीही सुंदर असो, दुवा कच्चा निघाला तर वचन बाजूला. सांगणाऱ्या माणसांची चरित्रे हाच अभ्यासाचा एक स्वतंत्र विषय झाला. मराठीत 'सनद' म्हणजे अधिकारपत्र. दोन्ही अर्थ एकमेकांना किती जवळचे! सांगण्याचा अधिकार साखळीतून येतो.

याच्या अगदी उलट शब्द म्हणजे 'अफवा'. हाही अरबीच. मूळ अर्थ 'तोंडे'. नुसती तोंडे, अनेकवचनी. बोलणारी माणसे नाहीत. कोणाचे तोंड, विचारू नका. शब्दातच सगळे आले.

२०१६ साली कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने मुले पळवण्याच्या प्रकारांविरुद्ध जनजागृतीसाठी एक छोटी फिल्म केली. गल्लीत मुले खेळताहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. क्षणभराने ते परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि एक फलक दाखवतात: मूल पळवायला इतकाच वेळ लागतो, लक्ष ठेवा. कल्पना उत्तम, हेतू निर्मळ, मांडणी परिणामकारक. सामाजिक कामासाठी गोष्ट कशी सांगावी याचा नमुनाच. पुढे भारतात कोणीतरी त्या फिल्मचा शेवट कापला. फलक गेला, मुलाला परत ठेवणे गेले. उरले ते अपहरण. २०१८ मध्ये तो तुकडा 'आपल्या भागात टोळी आली आहे' या मजकुरासह फोनाफोनांतून फिरला. त्या वर्षी अशा फिरत्या संदेशांनी देशात कित्येक ठिकाणी निरपराध माणसांचे जीव घेतले.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातले साक्री तालुक्यातले राईनपाडा. रविवार, बाजाराचा दिवस. सोलापूरकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. डवरी गोसावी म्हणजे कोण? डवर वाजवत, गात, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. भटक्यांचे हे फिरणे म्हणजे महाराष्ट्राचे शेकडो वर्षांचे जिवंत जनमाध्यम होते. वासुदेव, गोंधळी, बहुरूपी, फकीर. गावाला बाहेरचे जग यांच्या तोंडून कळायचे. नव्या माध्यमाने जुन्या माध्यमाच्या माणसांना बाजाराच्या दिवशी मारले, याहून कडू वाक्य मला त्या वर्षाबद्दल लिहिता येत नाही. त्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातही अनोळखी फकिराला दार उघडायला बायका कचरत होत्या. ज्या दारावरून पिढ्यान्‌पिढ्या कोणी रिकाम्या झोळीने गेले नव्हते, त्या दारांना आतून कड्या लागल्या.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, खोटी माहिती कशी ओळखावी याच्या. तारीख होती १० जुलै २०१८. पुसदच्या गवताला त्या दिवशी अठ्ठ्याऐंशी वर्षे झाली होती. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे कंपनीने जाहीर केले. मर्यादा चांगलीच. पण तंत्राने वेग कमी होतो, साखळी तयार होत नाही.

आता कोणी म्हणेल, सर, मग मोबाइलवर काही करूच नये का? माझे म्हणणे बरोबर उलटे आहे. आमच्या भागात सांगण्यासारखे इतके आहे की गप्प बसणे हा गुन्हा ठरेल. यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशात शेतकरी आत्महत्यांसाठी घेतले जाते. मुलींची शाळा आठवीनंतर सुटते, त्याची कारणे प्रत्येक घरात वेगळी आहेत. गुटखा शाळेच्या भिंतीपर्यंत येतो. हे सांगायला आज पोरांच्या हातात जे यंत्र आहे ते अमर शेखांना मिळाले असते तर त्यांनी काय केले असते, कल्पना करा. यंत्र वाईट नाही. फक्त त्याला डफ समजून हातात घेतले पाहिजे. म्हणजे वाजवणारा दिसला पाहिजे.

म्हणून नववीच्या मुलांना चित्रफीत करायला सांगतो तेव्हा मी काही अटी घालतो. पहिली अट गवताची: विषय असा निवडा की ज्याची खूण बघणाऱ्याच्या घरात असेल. 'पर्यावरण' नको, मोहल्ल्यातला हापसा चालेल. दुसरी अट खराट्याची: ज्या कामाबद्दल बोलणार ते आधी थोडे तरी करा, मग कॅमेरा सुरू करा. तिसरी सनदेची: सुरुवातीलाच आपले नाव, वर्ग आणि ही माहिती कोणाकडून कळली ते सांगा. कोणी मारले, कोणी मेले, कोणी पळवले असे काही असेल तर स्वतः खात्री केल्याशिवाय एक शब्द नाही. आणि चौथी कराचीची: शेवट कापला तरी उरलेला तुकडा कोणाच्या जिवावर उठणार नाही, अशी गोष्ट रचा. चित्रफितीचे कोणतेही दहा सेकंद वेगळे काढून मी वर्गात दाखवतो. तेवढ्यावरून कोणा समाजाबद्दल, कोणा परक्या माणसाबद्दल भीती वाटत असेल तर पुन्हा करा.

ही चौथी अट मुलांना सर्वांत जड जाते. त्यांना धक्का द्यायचा असतो, कारण धक्क्याला पाहणारे मिळतात. मागे एका गटाने बालविवाहावर फीत केली. नवरीचा चेहरा रडवेला, मागे भेसूर संगीत, शेजारचा बुरख्यातला एक गट कुजबुजताना. दहा सेकंद वेगळे काढले तर फीत बालविवाहाविरुद्ध राहत नव्हती, एका मोहल्ल्याविरुद्ध होत होती. वर्गातल्याच एका मुलीने ते ओळखले. मग त्यांनी नव्याने केली. त्यात नवरी नव्हतीच. फक्त दप्तर, आठवीची गुणपत्रिका आणि एका आईचा आवाज होता: हिला पुढच्या वर्षी कुठे घालायचे, सांगा. दहा सेकंद कुठूनही कापा, तो प्रश्न उरतोच. आणि त्याचे उत्तर पाहणाऱ्याला द्यावे लागते. गाडगेबाबांची रीत त्या पोरांना कोणी न सांगता सापडली होती.

ती फीत फार फिरली नाही. दोन-चार कुटुंबांच्या गटांत गेली, एवढेच. पण त्यातल्या एका घरून एक बाप शाळेत आला, आणि नववीच्या प्रवेशाला कोणते कागद लागतात ते विचारून गेला.